देवाचा धाक गेला म्हणून श्रद्धा गेली? आबा, हे पटत नाही

पांझराकाठची
काल आबांनी इथे लिहिलं की हल्लीच्या पोरांना देवाचा धाक उरला नाही, म्हणून श्रद्धाही उरली नाही. आधी भीती, मग भक्ती. दाखला काय, तर रामाने तीन दिवस समुद्राची विनवणी केली तेव्हा काही झालं नाही, धनुष्याला बाण लावला तेव्हा समुद्र हात जोडून आला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी रात्री तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. आता राहवत नाही.

आबा, समुद्र आला, वाट दिली आणि गेला. तो रामाचा भक्त झाला असं कुणी सांगितलंय का तुम्हाला? भक्त म्हणायचं तर शबरी. तिने बोरं चाखून दिली म्हणतात. जिला धाक असतो ती देवाला उष्टं देत नाही.

आता घरचं सांगते. मी सहा वर्षांची, भाऊ तीनचा. नागपंचमीनंतरचा रविवार, घरी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसलेली. आमच्यात दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, त्याचे रोट, पौर्णिमेच्या आत संपवायचे, भाऊबंदकीबाहेर घासही द्यायचा नाही. त्या वर्षी काका सुरतहून आलेच नाहीत आणि त्यांच्या वाट्याचं उरलं. आई दोन्ही वेळ तेच खायची. वाळून कडक झालेले तुकडे दुधात मोडून, पोटात दुखायला लागेपर्यंत. शेवटचा अर्धा रोट तिला गेलाच नाही. तो तिने परसात निंबाखाली पुरला. दोन महिन्यांनी भावाला ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला.

पोलिओचा डोस कुणी पाजला नव्हता, हे आमच्याकडे कुणाला आठवत नाही. अर्धा रोट उरला होता हे सगळ्या भाऊबंदकीला आठवतं. आई त्यानंतर दर चैत्रात धुळ्याहून वणीच्या गडावर अनवाणी चालत गेली. हा तुमचा धाक. माझ्या आईचं आयुष्य खाल्लं त्याने.

आबा अमळनेरकर
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही घरचं काढलं, तर मीही काढतो.

माझे वडील प्यायचे. रोज. पगाराच्या दिवशी आई आम्हाला घेऊन दुकानाच्या दारात उभी राहायची. वडिलांचं आमच्यावर प्रेम नव्हतं का? भरपूर होतं. पिऊन आले की माझे पाय दाबत रडायचे. प्रेमाने दारू सुटली नाही. एका वर्षी आजीने त्यांना गडावर नेलं, देवीसमोर हातात भंडारा दिला आणि वदवून घेतलं की प्यायलो तर थोरला पोरगा तुझा. थोरला म्हणजे मी. परत येताना ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मरेपर्यंत थेंब घेतला नाही.

आता सांगा, धाकाने कुणाचं आयुष्य खाल्लं आणि कुणाचं वाचवलं?

केळीवाला रावेर
आबा, गोष्ट एक नंबर. पण त्या रात्री तुम्हाला झोप लागली होती का? बापाच्या घोटावर आपला जीव टांगलेला.

माझं म्हणाल तर मी शुद्ध भित्रा भक्त आहे. मे-जूनमध्ये माल कापणीला आला आणि आभाळ काळं झालं की मला सगळे देव आठवतात, मनुदेवीपासून शेजाऱ्याच्या पीरापर्यंत. अर्ध्या तासाच्या वाऱ्यात अख्खा बाग आडवा. तेव्हा कसलं प्रेम नि कसलं काय. आणि मग विम्याचा माणूस येतो, वाऱ्याचा वेग मापकात बसला नाही म्हणतो. धाक लावायचाच असेल तर देवीने आधी त्याला लावावा. तीन वर्षं झाली, माझी फाइल

पांझराकाठची
भाऊ, विम्याचा वेगळा धागा काढा.

केळीवाला रावेर
काढला होता. कुणी आलं नाही.

तत्त्वज्ञानमंदिराचा शेजारी
इथे दोन शब्दांची गल्लत होतेय. भय वेगळं आणि धाक वेगळा. वाघाचं भय वाटतं, धाक वडिलांचा असतो. धाकात आपलेपणा असतो, म्हणून तो प्रेमाच्या विरुद्ध नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात घाबरून धावणारा आर्त त्यात पहिला मोजलाय आणि चौघांनाही उदारच म्हटलंय. म्हणजे रावेरच्या भाऊंनी लाजायचं कारण नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात तर नारद सांगतात की गोपी कामाने पोचल्या आणि कंस भयाने. कंसाला उठता-बसता कृष्णच दिसत होता. इतकं अखंड स्मरण आपल्यापैकी किती भक्तांना जमतं?

आमच्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था काढली ती असल्याच प्रश्नांसाठी

भरीत-पुरी
सर, घंटा झाली. पोरं पळाली.

पांझराकाठची
सर, कंस पोचला हे मान्य. पण वाटेत त्याने किती लेकरं मारली तेही सांगा. घाबरलेला माणूस देवापर्यंत पोचतो की नाही ते मला माहीत नाही. तो आधी घरातल्या दुबळ्याला धरतो, हे मी पाहिलंय.

आणि अमळनेरचा अभिमान निघालाच आहे तर साने गुरुजी तिथेच मास्तर होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला दहा दिवस उपाशी बसले, विठोबाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. देव बाटेल ही भीती दार लावून बसली होती. प्रेमाने ते उघडलं.

आबा अमळनेरकर
प्रेमाने उघडलं की गुरुजी मेले तर काय होईल या भीतीने?

पांझराकाठची
बरं. हे उत्तर चांगलं होतं. आवडलं नाही, पण चांगलं होतं.

एरंडोलची सासुरवाशीण
भीती आणि प्रेम तुम्ही बघून घ्या. माझं सव्वा मुठीत अडकलंय. दर पुरुषामागे सव्वा मूठ, मग मुलीमागे काय? मला दोन मुली. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. पहिल्या श्रावणात दीर सुपात गहू मोजत होते. सासऱ्यांच्या नावाची सव्वा मूठ, स्वतःची, त्यांच्या दोन मुलांची. मग हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, वहिनी, तुमच्या घरचे किती धरायचे? धाकटी बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, काका, आम्ही तिघी.

भुसावळ जंक्शन
ताई, वाईट वाटलं. पण रीत ती रीत. कानबाई कुळाची, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते. माझी बहीण श्रावणात आली तरी आम्ही तिला रोट देत नाही, तीही मागत नाही. यात अपमान कसला?

एरंडोलची सासुरवाशीण
मागत नाही की मागता येत नाही? विचारलंय कधी?

भुसावळ जंक्शन
आमच्या घरातलं तुम्ही आम्हाला शिकवू नका.

नंदुरबारी
तुमच्या घरची रीत म्हणजे अख्ख्या खान्देशाची नाही हो. आमच्याकडे कुमारिका खातात, लग्न झालेल्या नाही. मामांकडे लेकी बिनधास्त खातात. कुणाचं काही वाकडं झालेलं नाही.

भुसावळ जंक्शन
वाकडं झालं की मग कळतं.

पांझराकाठची
हे बघा, आला धाक. बहिणीला घास द्यायचा नाही, कारण वाकडं होईल. भाऊ, तुमचं बहिणीवर प्रेम जास्त की कानबाईचं भ्या जास्त, एवढंच सांगा.

भुसावळ जंक्शन
तुमच्यासारख्या पुण्यात राहून दोन दिवस साडी नेसायला येणाऱ्यांनी आम्हाला विचारू नये. कानबाईपुढे डीजे कोण आणतं? तुम्हीच. आम्ही रात्रभर जागतो, अहिराणी गाणी म्हणतो, सोमवारी नदीवर नेताना बायामाणसांच्या डोळ्यांत पाणी असतं. ते काय भीतीचं असतं का?

पांझराकाठची
म्हणजे प्रेमाचं असतं! मग एवढा वेळ कशावर भांडतोय आपण? (मी धुळ्यातच राहते. देवपुरात. डीजेचा मलाही राग आहे.)

भरीत-पुरी
जंक्शनभाऊंनी चुकून रूळ बदलला 😄

धुळ्याचा अत्तरवाला
आमच्यातही हा वाद जुना. बसऱ्याच्या राबियाची गोष्ट सांगतात, बाराशे वर्षांपूर्वीची. एका हातात पेटता पलिता, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन निघाली. जन्नत जाळते आणि जहन्नम विझवते म्हणाली, मग बघू किती जण उरतात. माझी दादी ही गोष्ट फार रंगवून सांगायची. आणि फजरला उठलो नाही की जहन्नमचीच भीती घालायची. दोन्ही तिचंच.

केळीवाला रावेर
सगळ्यांच्या आज्या एकाच कारखान्यातल्या दिसतात. माझी आजी नैवेद्याला हात लावला की जीभ झडेल म्हणायची. मागल्या दाराने तीच मला पुरणाची पोळी द्यायची, देवाच्या आधी.

आबा अमळनेरकर
हे मात्र खरं आहे.

रावेरच्या भाऊंनी विचारलं होतं, झोप लागली होती का. नाही लागली. वडिलांना कामावरून यायला उशीर झाला की मी ओट्यावर बसून असायचो. जवळ आले की आधी तोंडाचा वास घ्यायचो, मग मिठी. ते हसायचे आणि स्वतःच वाकून तोंड पुढे करायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं तेच आहे. धाक नसता तर बाप नसता.

पांझराकाठची
आबा, यावर मी काही बोलणार नाही.

रात्री आईला फोन केला. चौऱ्याहत्तरची आहे, कानाने जरा कमी. एवढी वर्षं कानबाईला भीत राहिलीस ना, म्हणून विचारलं. तर म्हणते, "कानबाईले कोन भ्याये वं? मी ते सासूले भ्याये." मग गडावर अनवाणी कशाला जायचीस? "माले आवडस." बस. मी इथे दोन दिवस तिच्या नावाने भांडतेय.

भुसावळ जंक्शन
म्हणजे तुमचा पहिला मुद्दाच गेला.

पांझराकाठची
गेला अर्धा. पण भावाने हळूच सांगितलं ते ऐका. परसातल्या त्या निंबाखाली आई अजूनही पाय टाकत नाही. झाडायचं असलं की लांबूनच झाडू पुढे करते. आता हे आबांच्या खात्यात टाकायचं की माझ्या, तुम्हीच ठरवा.

तत्त्वज्ञानमंदिराचा शेजारी
मला वाटतं यात भय आणि धाक यांतला जो फरक मी वर

भरीत-पुरी
सर!!

नंदुरबारी
एरंडोलच्या ताई, शेवटी दिरांनी किती मुठी घातल्या ते राहिलंच.

एरंडोलची सासुरवाशीण
काही बोलले नाहीत. तीन सव्वा मुठी घातल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी गंगाफळाच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. तेव्हापासून तिघींचेच घालतात. दीर भितात की माया करतात, ते मी विचारलेलं नाही.

भुसावळ जंक्शन
बहिणीला मेसेज टाकलाय. अजून निळी खूण झाली नाही.

सुरतकर पाटील
वरचं सगळं वाचलं नाही. कानबाईला शनिवारी रात्री सुरतहून धुळ्याकडे कुणाची गाडी येतेय का? दोन मोठे, एक लहान. डिझेलचे देऊ.