मदत हवी आहे: लेक सीनियर, नवऱ्याची नोकरी गेलेली आणि तिला कॉलेजला ईडी (अर्ली डिसिजन) टाकायचंय

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ. लेक यंदा हायस्कूलला सीनियर (बारावीत), धाकटा आठवीत. मुलं इथेच जन्मलेली, आमचं दोघांचं ग्रीन कार्ड आहे. नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली. सेव्हरन्स संपलं, आता माझा पगार (एका डेंटिस्टकडे बिलिंग बघते) आणि शिल्लक यावर चाललंय. इंटरव्ह्यू होतात, दुसरा राऊंड होतो, मग सामसूम.

आता खरी गोष्ट. लेकीला हे आम्ही सांगितलेलंच नाही. मार्चमध्ये तिची सॅट होती, मग मेमध्ये एपीच्या परीक्षा, म्हटलं संपू दे, मग उन्हाळा गेला आणि आता सप्टेंबर संपत आला. बाबा रिमोट काम करतात असं ठोकून दिलंय आणि तो बिचारा रोज सकाळी नऊला कॉफी घेऊन बेसमेंटमध्ये जाऊन बसतो.

तिला बॉस्टनकडचं एक प्रायव्हेट कॉलेज भयंकर आवडलंय, तिथे अर्ली डिसिजन टाकायचंय, मुदत १ नोव्हेंबर. राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो त्यात आमचं २०२४ चं उत्पन्न घातलं तर आम्हाला ७१ हजार पडतील म्हणतो आणि आत्ताचं घातलं तर २८. मग धरायचं काय? फाफसा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) तर २०२६-२७ साठी २०२४ चाच टॅक्स रिटर्न बघतो ना, तेव्हा दोघांचे पगार व्यवस्थित चालू होते.

शिवाय पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट आहे, नवरा आणि सासूबाई यांच्या नावावर, सासूबाई तिथे राहतात, भाडं वगैरे काही नाही. तो दाखवायचा का? सीएसएस प्रोफाइल नावाचं मदतीच्या फॉर्मचं जे दुसरं प्रकरण आहे त्यात तर म्हणे राहत्या घराची इक्विटी (किमतीतून कर्ज वजा जाता उरतं ते) पण विचारतात.

आमच्या वेळी मेरिट लिस्ट फळ्यावर लागायची, नाव असलं तर असलं, नाहीतर दुसऱ्या कॉलेजच्या फळ्यासमोर जाऊन उभं राहायचं, विषय संपला. इथे एसे, सप्लिमेंट, रेकमेंडेशन, दहा अ‍ॅक्टिव्हिटी आणि प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीचं वर्णन दीडशे अक्षरांत, आणि त्यात पैशाचे फॉर्म वेगळे. डोकं चालेनासं झालंय. ईडी टाकू द्यावं का आणि तिला सांगावं का, एवढं तरी सांगा.

– ओसरीवरची

---

मिशिगनचा_बर्फ

ओसरीवरची, आधी नवऱ्याला सांगा की बेसमेंटमधून वर ये. आम्ही दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय, नोकरी माझी गेली होती.

ईडी म्हणजे बांधिलकी. तुमची लेक, तुम्ही आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात, डिसेंबरच्या मध्याला हो आलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. आर्थिक मदतीसाठी अर्ज केला असेल आणि मिळालेल्या पैशात शिकणं शक्यच नसेल तर सुटता येतं हे खरं आहे, पण त्यातली मेख अशी की त्या वेळी तुमच्या हातात दुसऱ्या कुठल्याच कॉलेजचा आकडा नसतो, म्हणजे घासाघीस करायला काही नाही. एप्रिलमध्ये चार पत्रं टेबलावर ठेवून तुलना करायची जी सोय असते ती ईडीवाल्याला नाही.

आता उत्पन्नाचं. फाफसात २०२४ चंच जाईल, त्यात तुम्हाला काही बदलता येत नाही. पण फॉर्म भरून झाल्यावर प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला वेगळं लिहायचं की नोकरी गेली, परिस्थिती बदलली, पुन्हा बघा. याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात आणि तो अधिकार त्या ऑफिसला असतो, सरकारला नाही. टर्मिनेशनचं पत्र, शेवटची पे स्टब, अनएम्प्लॉयमेंटचे कागद, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. आमच्या बाबतीत एका कॉलेजने १४ हजार वाढवून दिले, दुसऱ्याने अर्ज मिळाला एवढंच कळवलं आणि तिसऱ्याने जूनमध्ये उत्तर दिलं, तोपर्यंत १ मे ही प्रवेश नक्की करायची मुदत उलटून डिपॉझिट दुसरीकडे भरून झालं होतं.

म्हणून ईडी टाकायच्या आधी, म्हणजे या आठवड्यातच, त्या ऑफिसला फोन करून विचारा की ईडीवाल्यांचं हे रिव्ह्यू डिसेंबरच्या आत करता का. उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजून जा.

---

अर्धवट_पुणेकर

पुण्याचा फ्लॅट कशाला दाखवायचा? आई राहते ना तिथे. अमेरिकेतल्या कॉलेजला सिंहगड रोड कुठे आहे हे तरी माहीत आहे का.

---

काकूबाई

@अर्धवट_पुणेकर, हे असले सल्ले देऊ नका हो. सही करताना सगळी माहिती खरी आहे असं लिहून देतो आपण, खोटं दिलं तर दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतं. आणि हे लोक ग्रीन कार्डवर आहेत, पुढे सिटिझनशिपला अर्ज करतील, नसती भानगड कशाला.

ओसरीवरची, घाबरू नका, हिशेब केलात तर तो फ्लॅट तितका छळत नाही. फाफसात तुम्ही राहता ते घर मोजत नाहीत, निवृत्तीची ४०१के वगैरे मोजत नाहीत, पण दुसरं घर मोजतात, मग ते पुण्यात असो की पेनसिल्व्हेनियात. मात्र फक्त तुमचा हिस्सा. समजा फ्लॅट ८० लाखाचा, निम्मा सासूबाईंचा, तर तुमचे ४० लाख, डॉलर ८८ धरला तर साधारण ४५ हजार डॉलर. पालकांच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरतात, म्हणजे वर्षाला अडीच हजार डॉलरच्या आसपास फरक पडेल. नवऱ्याचा पगार गेल्याने जो फरक पडलाय त्यापुढे हे काहीच नाही.

सीएसएस प्रोफाइल वेगळं, ते कॉलेज बोर्डचं, काही प्रायव्हेट कॉलेजं मागतात आणि तिथे घराची इक्विटी विचारतात हे खरंच आहे, पण किती धरायची ते प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. त्यात खास परिस्थिती लिहायला जागा असते, तिथे नोकरीचं लिहा, फ्लॅटमध्ये ७० च्या पुढच्या सासूबाई राहतात आणि तो विकता येणारा नाही हेही लिहा, त्यांच्या औषधपाण्याला तुम्ही पैसे पाठवत असाल तर तेही. पाल्हाळ नको, तारखा आणि आकडे द्या. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ पडतात, उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर माफ.

आमच्याकडे गावची शेती चार भावांत सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं, ते अमेरिकन फॉर्मात कसं बसवलं ते विचारूच नका.

---

ओसरीवरची

काकूबाई, तुमच्या हिशेबाने जीवात जीव आला. सातबाऱ्याचं वाचून पहिल्यांदा हसले या आठवड्यात.

एक राहिलं. नात्यातल्या एकांनी कॉलेज कन्सल्टंट सुचवलाय, साडेतीन हजार डॉलर, एसेसकट. म्हणतो उशीर झालाय पण करून देतो, स्कॉलरशिपची हमी. घ्यावा का?

---

टेक्सासकर

स्कॉलरशिपची हमी म्हणाला की फोन ठेवायचा. स्कॉलरशिप मिळवण्यासाठी पैसे भरावे लागतात असं कोणी म्हटलं की ती स्कॉलरशिप नाही.

एसेला ६५० शब्द आहेत, मुलीचे शब्द मुलीलाच लिहू देत. तुम्ही वाचून फक्त एवढंच सांगा की हे तू बोलल्यासारखं वाटतंय की नाही. माझ्या मुलाने पहिल्यांदा भारतातून येऊन आईबाबांनी किती कष्ट केले असा एसे लिहिला होता, इंग्लिशच्या टीचरने वाचून विचारलं, यात तू कुठे आहेस? मग त्याने किराणा दुकानात शनिवारी सामानाच्या ढकलगाड्या गोळा करायचं काम करतो त्यावर लिहिलं, तो चांगला झाला.

आणि आयव्हीवाल्यांकडे (हार्वर्ड, येल वगैरे) किंवा एमआयटीकडे मेरिट स्कॉलरशिप नसते हे आपल्या लोकांना पटतच नाही. तिथे गरज बघून पैसे देतात, ज्यांना देतात त्यांना भरपूर देतात, हार्वर्ड आणि एमआयटीने तर २०२५ पासून दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ट्यूशन फी माफ केलीय, पण आधी आत शिरायला हवं ना. मार्कांवर पैसे हवेत तर पायरी एक खाली उतरायची. नॅशनल मेरिट (पीएसएटी परीक्षेवरची स्कॉलरशिप) फायनलिस्ट असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा, युटी डॅलस अशा ठिकाणी फार मोठं पॅकेज मिळतं. तुमच्या राज्यात त्या परीक्षेचा कटऑफ आभाळाला टेकलेला असतो म्हणा. धाकट्याला अकरावीच्या ऑक्टोबरची पीएसएटी नीट द्यायला लावा, आमच्या थोरल्याने ती जांभया देत दिली होती.

---

काठावरचा_कावळा

न्यू जर्सीत आहात तर रटगर्स (राज्याची युनिव्हर्सिटी) १ नोव्हेंबरला अर्ली अ‍ॅक्शनने टाकाच, त्याला बांधिलकी नसते, सगळं धरून इन-स्टेट ३५ ते ४० हजारांच्या घरात. त्यांना ट्रान्स्क्रिप्टवरून सगळे ग्रेड स्वतः टाइप करून द्यावे लागतात, ते शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. टीसीएनजे आणि एनजेआयटी पण बघा, एनजेआयटी मार्कांवर बऱ्यापैकी पैसे देतं. आणि कोणालाच आवडत नाही पण सांगतो, वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स स्कॉलरशिपमध्ये काउंटी कॉलेजची (स्थानिक दोन वर्षांचं कॉलेज) दोन वर्षं ट्यूशन फी लागत नाही. आमच्या शेजारच्या मुलाने केलं, आता रटगर्सला इंजिनिअरिंग करतोय. लोकांना काय सांगायचं म्हणून त्याच्या आईबापांनी दोन वर्षं गणपतीला कोणाला घरी बोलावलं नाही, एवढाच काय तो तोटा.

बाहेरच्या स्कॉलरशिपमध्ये हजारो मुलं देशभरातून अर्ज करतात त्यांच्या मागे न लागता गावातल्या छोट्या बघा, रोटरी, लायब्ररी, क्रेडिट युनियन, काउन्सेलरकडे यादी असते. पण कॉलेजला आधी विचारा, बाहेरून दोन हजार मिळाले की काही कॉलेजं आपली ग्रँट तेवढी कापतात.

लोन घेऊन भागवू असा विचार असेल तर १ जुलै २०२६ पासून पेरेंट प्लस लोनला (पालकांनी घ्यायचं सरकारी लोन) वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलर अशी मर्यादा आहे. मुलीला स्वतःला पहिल्या वर्षी सरकारी लोन ५,५०० मिळेल.

---

काकूबाई

सगळे फॉर्मचं बोलताहेत, दुसरा प्रश्न तसाच राहिला. सांगा हो तिला. फाफसाला तिचंही स्वतःचं अकाउंट लागतं, सही तिची लागते. सीएसएसच्या त्या खास परिस्थितीत बाबांची नोकरी गेली असं लिहिलेलं तिने स्क्रीनवर वाचावं असं वाटतंय का तुम्हाला?

---

ओसरीवरची

आठ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार.

काकूबाईंचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि त्याच रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. रडली नाही. पैशावरून काही म्हणाली पण नाही. तेवढ्यात धाकटा म्हणाला, मला माहीत होतं. त्याने जूनमध्येच बेसमेंटमध्ये बाबांचा इंटरव्ह्यू ऐकला होता आणि ताईला न सांगण्याबद्दल बाबांकडून तीनदा रोब्लॉक्सचे पैसे उकळलेत. मग मात्र जो भडका उडाला तो विचारू नका. "त्याला माहीत होतं आणि मला नाही?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याशी तर तीन.

चौथ्या दिवशी लॅपटॉप घेऊन स्वतःच टेबलावर येऊन बसली आणि अकरा कॉलेजांचे नेट प्राइस कॅल्क्युलेटर दोन्ही उत्पन्नांनी भरून काढले. बॉस्टनवाल्यांना फोन पण तिनेच केला, मी बाजूला बसून होते. त्या बाई गोड बोलल्या, पण रिव्ह्यू डिसेंबरच्या आत होईलच असं सांगता येणार नाही म्हणाल्या. मिशिगनभाऊंनी सांगितलं होतं तसं गुळमुळीत.

तर सध्या असं ठरलंय, ईडी नाही. रटगर्स आणि आणखी दोन अर्ली अ‍ॅक्शन १ नोव्हेंबरला. बॉस्टनला रेग्युलरमध्ये टाकेल, आणि तोवर बाबांना नोकरी लागली तर जानेवारीत ईडी टू (ईडीची दुसरी फेरी) आहे असं तिनेच शोधून काढलंय. तिचं तोंड अजून उतरलेलंच आहे, ते काय मी खोटं सांगणार नाही. नवरा आता डायनिंग टेबलवरून अर्ज करतो आणि ती येताजाता त्याचं कव्हर लेटर लाल करते.

आता नवीन प्रश्न. सीएसएसमध्ये फ्लॅट कधी आणि कितीला घेतला ते विचारताहेत. सासऱ्यांनी घेतलेला, कागद पुण्यात बँकेच्या लॉकरमध्ये, आणि सासूबाई म्हणतात पितृपंधरवड्यात लॉकर उघडला नाही, आता दसरा झाल्यावर जाईन, फोटो काढायला शेजारचा मुलगा बरोबर नेईन. आणि आजची किंमत रुपयांची डॉलर करताना कुठल्या दिवसाचा रेट धरायचा?

---

काकूबाई

फाफसात ज्या दिवशी सही करून पाठवता त्या दिवशीची किंमत आणि त्याच दिवसाचा रेट. स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि सासूबाईंना सांगा, फोटोत इंडेक्स टूचा (खरेदीच्या नोंदणीचा) कागद पण येऊ दे.