भरल आणि पाळीव जनावरे यांचा आहार सारखा असेल, तर ती स्पर्धा मानावी का?

प्रश्न – हिमरेषा
हिमालयातील उंच कुरणांवर भरल (मेंढीसारखा दिसणारा वन्य प्राणी) किंवा आयबेक्स (रानबकरा) आणि गावातील शेळ्या-मेंढ्या, याक एकाच उतारावर चरतात. दोघांच्या विष्ठेत त्याच वनस्पतींचे अवशेष सापडले, तर पाळीव जनावरे वन्य प्राण्यांचा घास हिरावून घेतात, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद – कुरणवाट
केवळ तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. चारा मुबलक असताना दोघांनी एकच गवत खाल्ले, तरी कोणी उपाशी राहत नाही. चारा अपुरा आहे आणि त्या टंचाईचा वन्य प्राण्यांच्या संख्येवर परिणाम होतो, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

हिमाचल प्रदेशातील स्पीती खोऱ्यातील भरल आणि सात प्रकारची पाळीव जनावरे यांच्यावरील २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने अवश्य वाचावा. उन्हाळ्यात याक, घोडे, गायी आणि झोमो (याक व गाय यांच्या संकरातील मादी) मुख्यतः गवतवर्गीय वनस्पतींवर जगत होते, तर भरल, मेंढ्या, शेळ्या आणि गाढवे गवतासोबत रुंद पानांच्या लहान वनस्पतीही खात होती. हिवाळ्यात मात्र, जिथे पाळीव जनावरांची संख्या अधिक होती, तिथे भरलांना झुडपांकडे अधिक वळावे लागले आणि त्याच भागात माद्यांच्या तुलनेत पिल्लांचे प्रमाणही कमी आढळले. माझ्या मते पिल्लांचे हे प्रमाणच सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण आहार बदलूनही प्राण्याचे निभावले की नाही, हे त्यातूनच कळते.

प्रतिसाद – रवंथ
पद्धतीबद्दल एक सावधगिरी सुचवतो. विष्ठेतील वनस्पतींच्या बाह्यत्वचेचे (पानाच्या वरच्या पातळ थराचे) तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखताना कोवळ्या वनस्पतींचे प्रमाण कमी भरते, कारण त्या जवळजवळ पूर्ण पचतात आणि चिवट गवताचे तुकडे मात्र टिकतात. डीएनए तपासणीत कोवळ्या वनस्पतीही ओळखता येतात. परंतु कोणती वनस्पती किती खाल्ली, याचा अंदाज त्यातून ढोबळच मिळतो. शक्य असेल तिथे प्रत्यक्ष चरताना केलेल्या निरीक्षणांची जोड द्यावी.

हिमरेषा
दोघांचे आभार. परंतु जोराचा बर्फ पडल्यावर बरीच जनावरे गोठ्यात असतात आणि त्यांना साठवलेला चारा मिळतो. मग हिवाळ्यातील टंचाईचे कारण ती कशी ठरतात?

कुरणवाट
तिथे गवत वाढण्याचा काळ फारच थोडा असतो. उन्हाळ्यात आणि शरदात जे चरून संपते, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा उगवत नाही. त्यामुळे हिवाळ्यात दोन्ही कळप एकत्र दिसले नाहीत, तरी भरलाच्या वाट्याचे वाळलेले गवत आधीच कमी झालेले असते. म्हणून आपण विष्ठेचे नमुने दोन्ही ऋतूंत घ्यावेत आणि बर्फ पडण्यापूर्वी, कमी व जास्त चराई असलेल्या भागांत ठरावीक चौकटी आखून, उभे गवत कापून त्याचे वजन करावे.