अहवालातले अंदाज बघून इंजिनिअरिंगची शाखा ठरवावी का?

डाळिंबवाला_सांगोला
नमस्कार. मुलाला सीईटीत बऱ्यापैकी पर्सेंटाइल आहेत, कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. गेल्या वर्षीचा कटऑफ बघता सरकारी कॉलेजात मेकॅनिकल मिळेल. पुण्याजवळच्या एका नव्या खासगी कॉलेजात एआय अँड डेटा सायन्स मिळेल, पण फी झेपणारी नाही, कर्ज काढावं लागेल. मुलगा जागतिक आर्थिक मंचाचा २०२५ चा अहवाल दाखवतो: २०३० पर्यंत १७ कोटी नव्या नोकऱ्या, एआयची वाढ सगळ्यात वेगवान गटात. एवढ्या मोठ्या संस्थेचं म्हणणं कसं डावलू? जाणकारांनी सांगावं.

कोडवाला
डोळे झाकून एआय घ्या. मेकॅनिकलवाले शेवटी आयटीतच येतात.

शुभदा_लातूर
दादा, अहवाल खोटा नाही, पण तो पूर्ण वाचा. १७ कोटी नव्या नोकऱ्या येतील तेव्हाच ९ कोटी २० लाख जातील असंही त्यात आहे. निव्वळ वाढ ७ कोटी ८० लाख, तीही साऱ्या जगात मिळून. आणि 'सगळ्यात वेगाने' हे टक्क्यांत आहे. संख्येने सर्वांत जास्त वाढणाऱ्या कामांत शेतमजूर, डिलिव्हरीवाले, बांधकाम कामगार आहेत, सॉफ्टवेअरवालेही आहेत. हजाराच्या वर मोठ्या कंपन्यांना विचारून काढलेला हा अंदाज आहे. सांगोल्याच्या मुलाला चार वर्षांनी मुलाखतीला कोण बोलावेल, हे त्यातून कळत नाही.

मी पोटतिडकीने लिहितेय, कारण मी डी.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आहे. गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली होती. २००९ ला शिक्षण हक्क कायदा आला, प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक ठरला. शिक्षक लागणारच, असं सगळे म्हणायचे, आणि हिशोब चूक नव्हता. पण ऑक्टोबर २०११ मध्ये पटपडताळणी झाली, म्हणजे शाळेत खरोखर किती मुलं आहेत ते मोजलं, नुसती कागदावरची मुलं उघडी पडली, आणि मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरतीच थांबवली. पुढच्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. माझ्या वर्गातल्या हुशार मुली तोवर कापडदुकानात, पतपेढीत लागल्या होत्या. शाळांना शिक्षक हवे होते, पण पगाराला पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारे वेगळे होते. असला निर्णय कुठल्याच अंदाजात धरलेला नसतो.

दुसरं, हा अहवाल तुमच्या एकट्याच्या घरात वाचला जात नाही. कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सगळे कांदाच लावतात, हे तुम्हाला मी काय सांगू. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्रीय परिषद) २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची वरची मर्यादा उठवली. कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढल्यात, आणि ही सगळी मुलं एकदमच बाजारात उतरतील.

म्हणून नव्या कॉलेजला विचारा, एआयची एक तरी बॅच बाहेर पडली का? नसेल तर त्यांच्या प्लेसमेंटच्या गप्पांना आधार नाही. मी तरी कर्ज काढणार नाही. सरकारी मेकॅनिकल घ्या, आणि तिथे डेटा सायन्सचं मायनर (मुख्य शाखेसोबत घ्यायचा जोडविषय) आहे का ते विचारा.

चाकणचा_शिफ्टवाला
ताईंशी सहमत, पण एक बाजू राहिली. मेकॅनिकलच्या फ्रेशरला आमच्याकडे सुरुवातीचा पगार खरंच कमी असतो, बरेचजण ट्रेनी म्हणून लागतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग करणारे धास्तावलेत. पण बॅटरीचं कूलिंग, डाय-मोल्ड, ऑटोमेशन यांना मेकॅनिकलवालाच लागतो. मुलाला कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन) आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आलंच पाहिजे.

डाळिंबवाला_सांगोला
ताई, दादा, आभार. सरकारी कॉलेजच्या प्लेसमेंटचे खरे आकडे कुठे मिळतील? माहितीपुस्तिकेत नुसतं 'सर्वोच्च पॅकेज' आहे.

शुभदा_लातूर
कॉलेज एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) भाग घेत असेल तर त्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ असते. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) किती, हे वर्षवार दिलेलं असतं. ते सगळ्या शाखांचं मिळून असतं, म्हणून मेकॅनिकलचं वेगळं प्लेसमेंट सेलला फोन करून विचारा. शेवटच्या वर्षातल्या दोन मुलांशी मुलाची गाठ घालून द्या. फॉर्मची मुदत संपायच्या आत हे करा, आणि काय कळलं ते इथे लिहा. मी वाट बघतेय.