विषय: स्प्रिंगफील्डचा पैलवान, हैतीचा झेंडा

नमस्कार मंडळी,

परदेशात स्थायिक झालेला खेळाडू जन्मदेशाकडून उतरतो तो राहत्या देशाच्या संघात जागा मिळत नाही म्हणून, असं मागच्या पत्रात कुणीतरी लिहिलं होतं. मला ते पटलं नाही. आस्नाज कास्तेलीचंच बघा. जन्म हैतीचा, घर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. 2016ला रिओत तो 74 किलो फ्रीस्टाइलमध्ये हैतीकडून खेळला. त्याआधी हैतीचा एकही पैलवान ऑलिंपिकला गेला नव्हता. उद्घाटनाच्या संचलनात झेंडाही त्याच्याच हाती होता. वय चाळिशीकडे झुकलेलं. या वयात बहुतेक पैलवान वस्ताद होऊन बसतात. पदक नाही मिळालं, पण हैतीच्या खात्यात एकूण पदकंच दोन आहेत, 1924 आणि 1928ची. त्या देशासाठी मॅटवर पाय ठेवणारा पहिला माणूस ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

– क्रीडा समितीतून

---

उत्तर: स्प्रिंगफील्डचा पैलवान, हैतीचा झेंडा

काका, नमस्कार.

कौतुक मलाही आहे, पण त्याला प्रवेश मिळाला तो पात्रता फेरी जिंकून नव्हे, लहान पथकांसाठी ठेवलेल्या खास निमंत्रणावर. माझा मुलगा शाळेच्या संघात कुस्ती करतो. वजन उतरवताना त्या पोरांचे हाल रोज बघते, म्हणून हे मनाला लागतं.

मला डॅनियल इगाली जास्त भावतो. 1994ला कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या राष्ट्रकुल स्पर्धेला तो नायजेरियाच्या कुस्ती संघाचा कर्णधार म्हणून आला आणि कॅनडातच राहिला. सिडनी ऑलिंपिकमध्ये 69 किलोत सुवर्ण जिंकलं, कॅनडाचं कुस्तीतलं पहिलं. कॅनडाचा झेंडा मॅटवर अंथरून त्याभोवती धावला, मग गुडघे टेकून त्याचं चुंबन घेतलं. पुढे तोच नायजेरियाच्या कुस्ती महासंघाचा अध्यक्ष झाला, आणि टोकियोत ब्लेसिंग ओबोरुडुडूने 68 किलोत रौप्य मिळवलं. नायजेरियाचं कुस्तीतलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. जन्मदेशाचं देणं असंही फेडता येतं ना?

---

उत्तर: उत्तर: स्प्रिंगफील्डचा पैलवान, हैतीचा झेंडा

ताई,

इगालीबद्दल अगदी मान्य. निमंत्रणाबद्दल मात्र नाही. ती सोय ज्या देशांची पथकंच मूठभर असतात त्यांच्यासाठी आहे, आणि ती जागा घ्यायला तयार पैलवान तर हवा! पदकाचं म्हणाल तर खाशाबा जाधवांच्या 1952च्या कांस्यानंतर भारताला कुस्तीतलं पुढचं पदक थेट 2008ला मिळालं. मधली 56 वर्षं तालमीतल्या पोरांना नाव घ्यायला खाशाबाच होते. हैतीतल्या एखाद्या पोराला आता कास्तेलीचं नाव घेता येईल.

आणि इथे परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांचा विचार केलात का? भारताच्या 2008च्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) चालत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला उद्या भारताकडून उतरावंसं वाटलं, तर आधी इथलं नागरिकत्व सोडावं लागेल.