पर्जन्यमापक कुठे आहे ते आधी बघा

पीक विमा सगळ्यांना सक्तीचा केला की शेतकरी बदलत्या हवामानाला तोंड देईल, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. हवामान आधारित फळपीक विम्यात, गारपीट सोडली तर, भरपाई बाग बघून ठरत नाही. महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते; पाऊस तिथल्या पर्जन्यमापकात पडला तरच धरतात. दिंडोरीजवळ आमची दीड एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. गोडी छाटणीनंतर (फळासाठी करतात ती छाटणी) बाग ऐन फुलोऱ्यात असताना पावसानं दोन तास नुसतं झोडपलं. घड हातात धरले की फुलं भुसभुशीत होऊन गळायची. आणि सात किलोमीटरवरचं केंद्र कोरडं ठणठणीत! भरपाई शून्य. सक्तीचं नंतर बघू, आधी गावागणिक केंद्र द्या. पाऊस अडवायला बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायचा उपाय आहे म्हणा, पण त्याचा एकरी खर्च ऐकून वडील उठूनच गेले.