फ्लॅटमध्ये कुरडया वाळवायच्या कशा? आई ७३ वर्षांची आणि गच्चीला कुलूप

मोशीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न कुरडयांचा आहे. जरा सविस्तर सांगतो, म्हणजे सांगणाऱ्याला नेमकं कुठे अडतंय ते कळेल.

आम्ही मोशीला चौथ्या मजल्यावर राहतो. मूळ गाव पारनेर तालुक्यातलं. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे असते. गावाला होळी झाली की आमच्या आळीत वाळवणं सुरू व्हायची. आज आमच्या घरी, उद्या शेजारच्या काकूंकडे, परवा त्यांच्या जावेकडे. बाया पहाटे चारला चूल पेटवायच्या आणि उजाडेपर्यंत भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक शिजून तयार. आम्हा पोरांना उठवावं लागायचं नाही, वासानंच जाग यायची. वाटीत गरम चीक, मधे खळगा, त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल. बहिणीला साखर लागायची. मग दिवसभर काठी घेऊन राखण. काठीला काळं फडकं बांधलेलं, तरी कावळे यायचेच. आणि राखणदारानं कडेच्या अर्धवट वाळलेल्या कुरडया मोडून खायच्या, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आई त्या हिशेबानं दोन-चार जास्तच घालायची.

आता अडचण. आमच्या सोसायटीत तीन वर्षांपासून गच्ची बंद आहे. बाल्कनी पूर्वेची, ऊन साडेनऊला जातं. गेल्या वर्षी आईनं दोन किलो गव्हाच्या कुरडया केल्या, बाल्कनीत मावल्या तेवढ्या तिथे आणि बाकीच्या हॉलमध्ये पंख्याखाली वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी कुबट वास यायला लागला. रंग तांबूस झाला, काहींना तडे गेले. सगळ्या टाकाव्या लागल्या. आई काही बोलली नाही. सोऱ्या धुऊन, पुसून, जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून तिनं मला माळ्यावर ठेवायला लावला. तो सोऱ्या तिच्या लग्नातला आहे, पितळी.

विकत आणा असं कृपया सांगू नका. पापड आम्ही बचत गटाच्या ताईंकडूनच घेतो आणि ते चांगले असतात. पण आईला कुरडया करायच्या आहेत. आत्ता भाजीवाल्याकडून येताना ती दुकानातल्या गव्हात हात घालून बघते, दाणा दाताखाली चावून बघते आणि काही न घेता पुढे जाते. मला ते बघवत नाही.

तर मंडळी, गेल्या वर्षी नेमकं चुकलं काय? तांबूस कशानं झाल्या? आणि मी भोसरीत कामाला आहे, सुट्टी गुरुवारची. एका सुट्टीत हे सगळं बसवता येईल का?

खान्देशची लेक

दादा, जळगावहून लिहितेय. आमच्याकडे कुरडई आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, केल्याशिवाय उन्हाळा उन्हाळा वाटत नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तांबूसपणाची दोन कारणं असतात. एक म्हणजे गाळण. मिक्सरमध्ये गहू जास्त फिरवला की कोंडा बारीक होतो आणि चाळणीतून चिकात उतरतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा, टरफल अख्खं राहिलं पाहिजे. आधी चाळणीतून गाळा, मग मलमलच्या फडक्यातून. दुसरं कारण वरचा थर. चीक रात्रभर ठेवला की सकाळी वर पिवळट पाणी येतं, ते सगळेच ओततात. पण त्याखाली, पांढऱ्या चिकाच्या डोक्यावर, मातकट रंगाची पातळ साय असते. ती चमच्यानं खरवडून काढायची. ती राहिली की रंग गेलाच समजा.

तडे जातात ते चीक कच्चा राहिल्यानं, नाहीतर गार झाल्यावर सोऱ्यात भरल्यानं. जेवढ्या वाट्या घट्ट चीक, तेवढ्याच वाट्या पाणी. पाण्याला चांगलं आधण आलं की मीठ, हिंग घाला आणि चिकाची धार एकानं धरायची, दुसऱ्यानं हाटायचं. एकट्या माणसाचं हे काम नाही, गुठळ्या होतात. मग मंद आचेवर झाकण ठेवून वाफ द्या. पांढरा रंग जाऊन काचेसारखा दिसायला लागला आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही की झाला. मावशींना हे सांगायची गरज नाही, पण हाटायला तुम्ही उभे राहणार असाल म्हणून लिहिलं.

आता सुट्टीचं. रविवारी सकाळी गहू भिजत घाला. सोमवार, मंगळवार पाणी बदला, आणि ऊन कडक असेल तर दिवसातून दोनदा बदला, नाहीतर आंबट होतो. बुधवारी संध्याकाळी दाणा बोटांत दाबून बघा, दूध बाहेर आलं पाहिजे. तेव्हा वाटून, गाळून ठेवा. गुरुवारी पहाटे शिजवायचा. बसतं की नाही सुट्टीत?

साताऱ्याचा काका

ताईंनी बरोबर सांगितलं. फक्त आमच्याकडे चौथ्या दिवशी वाटतात. तीन दिवसांत गहू पुरता फुगत नाही असं आमच्या हिचं म्हणणं. आणि एक, पहिला दिवस उन्हाचाच पाहिजे. पंख्यानं वरून सुकतं आणि आतला तंतू ओला राहतो, तो आंबतो. कुबट वास त्याचाच. पहिल्या दिवशी सूर्य मिळाला तर पुढचे दोन दिवस बाल्कनीतल्या सकाळच्या उन्हात निघतील.

डोंबिवलीची सून

आमच्याकडे हवेत दमटपणा इतका की कुरडयांच्या वाटेला मी जात नाही. सांडगी मिरची मात्र दरवर्षी करते, गाडीच्या मागच्या काचेखाली पेपरवर पसरून. दोन दिवसांत खडखडीत. कुरडयांना ते चालणार नाही, पण आईंना मिरच्या तरी भरायला द्या, हात चालू राहतील. मनापासून सांगते.

सांगलीचा माजी सेक्रेटरी

मोशीकर, मी सहा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि गच्चीला कुलूप मीच लावलं होतं, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कमिटीला वाळवणाचा राग नसतो. वॉटरप्रूफिंगला कुणी खिळा ठोकेल, सोलरच्या पाइपवर पाय पडेल, लहान मूल कठड्याशी जाईल, सांडलेल्या खरकट्याला मुंग्या आणि कबुतरं लागतील, आणि मग कुणी जबाबदारी घेणार नाही, ही भीती असते. आमच्याकडे एकदा वरच्या मजल्यावर गळती लागली तेव्हा दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अजून आहे.

जिन्यात गाठून तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणणं सोपं जातं. कागदावर अर्ज द्या. कोणता दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, वर कोण थांबणार त्यांची नावं, संध्याकाळी गच्ची झाडून-पुसून किल्ली परत देणार, हे सगळं लिहा. शिजवणं घरातच करणार, वर शेगडी नेणार नाही, हेही लिहा. जमिनीवर काही न पसरता खाटेवर वाळत घालणार असाल तर तेसुद्धा. आणि आणखी दोन घरांच्या सह्या घ्या. गच्ची सगळ्यांची असते, तुम्ही एकटे मागत नाही आहात हे दिसलं पाहिजे. तुमच्या इमारतीत अशा आणखी आई-सासवा असणारच. त्यांना कुणी विचारलेलं नाही एवढंच.

मोशीकर

सगळ्यांचे आभार. हे सगळं मी काल रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. खरवडायच्या थराचं ऐकल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. गेल्या सालाला चष्मा नव्हता, मला ते दिसलंच नाही." मोतीबिंदूचं ऑपरेशन तिचं दिवाळीनंतर झालंय. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

साताऱ्याच्या काकांना तिचा निरोप असा की थंडी असली तर चौथा दिवस, ऊन तापलं असलं तर तिसरा, आणि दिवस मोजण्यापेक्षा दाणा दाबून बघा. खान्देशच्या ताईंना तिनं विचारलंय की तुमच्याकडे कुरडईची भाजी करतात का. आमच्याकडे मोडलेल्या कुरडया भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात. श्रावणात भाजी महाग झाली की तीच.

अर्ज आज लिहितो.

खान्देशची लेक

करतो की! आणि मोडलेल्या कुरडया वेगळ्या डब्यात भरून त्यासाठीच ठेवतो. मावशींना नमस्कार सांगा.

मोशीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय राहणार नव्हतो.

अर्जावर पाच घरांच्या सह्या झाल्या. मी दोनच धरून चाललो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या नांदेडच्या आजी सही करतानाच म्हणाल्या, माझाही किलोभर गहू घ्या. समोरच्या ओडिशाच्या वहिनींना मी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावत होतो, तर त्या म्हणाल्या आमच्याकडेही उडदाची बडी अशीच गच्चीवर वाळवतात, लग्न होऊन आल्यापासून केली नाही. कमिटीनं दोन गुरुवार दिले, सकाळी सहा ते सूर्य मावळेपर्यंत. चेअरमन साहेबांनी स्वतः येऊन किल्ली दिली.

माळ्यावरून सोऱ्या काढला. आईनं तो चिंचेनं घासला. गहू तिनं स्वतः जाऊन आणला, तीन दुकानं फिरून, लोकवन. बुधवारी रात्री ती दोनदा उठली, पातेल्यावरचं झाकण बाजूला करून बघितलं आणि परत झोपली. पहाटे साडेचारला मी धार धरली आणि बायकोनं हाटायला घेतलं. दोन मिनिटांत तिचा दंड भरून आला, मग आम्ही जागा बदलल्या. आई स्टुलावर बसून नुसती बघत होती. मधेच म्हणाली, "आता थांब." मला काहीच फरक दिसला नव्हता. तिनं बोट पाण्यात बुडवून चिकाला टेकवलं आणि वर करून मला दाखवलं. कोरडं.

पातेलं चादरीत गुंडाळून लिफ्टनं वर नेलं. आईच्या मनगटात आता सोऱ्या पिळायचा जोर नाही. म्हणून पिळायचं काम माझं आणि खालून कुरडई धरायचं तिचं. सोऱ्यातून तंतू लोंबायला लागला की ती माझ्या हाताला खालून आपला हात लावायची आणि फिरवायची. मधला वेढा लहान, मग दुसरा, मग तिसरा बाहेरून, आणि बोटानं तोडायचं. पहिल्या आठ-दहा माझ्या वेड्यावाकड्या झाल्या. नंतर तिनं हात काढून घेतला, तो कधी काढला ते मला कळलं नाही.

एकसष्ट झाल्या. नांदेडच्या आजींच्या वेगळ्या. माझी नऊ वर्षांची लेक काठी घेऊन सावलीत बसली, शाळेला दांडी मारून. तिनं साखर घालून दोन वाट्या चीक खाल्ला. मी कच्चं तेल घालून. कावळा एकच आला, कबुतरं मात्र पंधरा-वीस.

संध्याकाळी सगळ्या उलटून, ताटांत घालून खाली आणल्या. पुढचे दोन दिवस बाल्कनीतलं सकाळचं ऊन पुरलं. शनिवारी रात्री आईनं एक हातात घेऊन मोडली, कट्टकन आवाज आला. मग तेल तापवलं. कढईत टाकल्याबरोबर ती फुलून काठाला टेकली, पांढरीशुभ्र. पहिली तिनं नांदेडच्या आजींकडे पाठवली.

येत्या गुरुवारी दुसरी पाळी आहे, बटाट्याचा कीस. ओडिशाच्या वहिनीही बडी घालणार आहेत. वाळल्यावर कीस काळा पडू नये म्हणून आमच्याकडे तुरटीच्या पाण्यातून काढायचे. किती बटाट्यांना किती तुरटी हे आईला आठवत नाहीये. खान्देशच्या ताई, तुम्हाला माहीत असेल तर बुधवारच्या आत सांगा.