संत्र्यातून रस निघतो की नाही?

खडूफळा (महाल, नागपूर)

कोजागिरीला आमच्या गच्चीवर भुलाबाईची गाणी झाली, डबा हलवून खिरापत ओळखून झाली, तरी दूध आटेना. पोरं पळापळ करायला लागली म्हणून मी 'शब्दातून शब्द' घेतला. एक शब्द द्यायचा, त्यातल्या अक्षरांतून जितके होतील तितके लहान शब्द काढायचे. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे परीक्षकाची खुर्ची न मागता मिळते. नियम मात्र आधी सांगितला नाही, ही चूक माझी.

पहिला शब्द 'नागपूर'. एका मुलीनं लिहिलं: नाग, पूर, नार, गर, रग, नागर. शेजारच्या चौथीतल्या मुलानं लिहिलं: राग, रान, पान, पार, गार, नगर, रूप, पराग, पगार. मी मुलीला सहा गुण दिले आणि मुलाला शून्य. कारण शब्दात 'ना' आहे, 'न' नाही. 'पू' आहे, 'प' नाही. मुलाचे आजोबा म्हणाले, "मॅडम, पोरानं पगार काढून दाखवला अन् तुम्ही तो कापला." गच्चीभर हशा. मीही हसले, पण गुण दिले नाहीत.

शेवटच्या फेरीत पोरांनीच शब्द सुचवला, 'संत्रा'. माझ्या नियमानं यात दोनच अक्षरं, सं आणि त्रा. उलटंसुलटं करून काहीच निघत नाही. त्याच मुलानं लिहिलं, 'रस'. मी काट मारली.

रात्री झोप लागली नाही. नागपुरात राहून संत्र्यातून रस निघत नाही असं सांगणारी मीच पहिली असेन. तरी मत तेच आहे: मराठीत अक्षर म्हणजे मात्रेसकट अक्षर. पटत नसेल तर भांडा.

तर्री_जास्त

काहून बाप्पा त्या लेकराले शून्य देता? भेंड्या खेळता तवा 'ला'वर गाणं संपलं तं 'ल'चं कोणतंही गाणं चालते. लगान बी चालते, लेक बी चालते. 'ण' आला तं 'न' घेतो, 'ळ' आला तं 'ल' घेतो, कोणी कोर्टात जात नाही. तवा मात्रा कुठं जाते तुमची? आमच्या घरी तं आजीपासून असंच चालू आहे.

आडवे_उभे

भाऊ, भेंड्यांत फक्त पहिलं अक्षर पकडायचं असतं, पुढचं सगळं गाणं आपल्या घरचं. इथे सगळं सामान दिलेल्या शब्दातूनच आणायचं आहे. फरक आहे.

मराठी शब्दकोडं बघा. एका चौकोनात एक अक्षर, मात्रेसकट, जोडाक्षर असेल तर तेही सगळं एकाच चौकोनात. आडवा शब्द 'पूर' असेल तर त्या चौकोनातून जाणाऱ्या उभ्या शब्दालाही 'पू'च लागतो. 'प' चालेल असं कोडं कुणी छापलं तर मी ते अर्धवट सोडून देईन. मात्रा मोकळी सोडली की खेळात दमच राहत नाही. मग 'महाल'चा 'हमाल' होतो, 'नवरा'चा 'वानर' होतो.

खडूफळा मॅडम, तुमचा निर्णय बरोबर. फक्त मुलीचा एक शब्द राहिला: पूग, म्हणजे सुपारी. पूजेतलं पूगीफल आठवा.

दोन_पोरांची_आई

नवऱ्याचा वानर होत असेल तर मी मात्रा मोकळ्या सोडण्याच्या बाजूनं.

मिहानचा_मजूर

दिवसभर कोड लिहितो, म्हणून संगणकाची बाजू मांडतो. युनिकोडमध्ये 'ना' नावाचं एक चिन्ह नसतंच. 'न' वेगळा, काना वेगळा. 'नागपूर' म्हणजे न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. सहा चिन्हं. मॅडम चार मोजतात.

काल गंमत म्हणून ही सहा चिन्हं सरळ उलटी लावली. शेवटून पहिल्याकडे, एकही इकडेतिकडे न करता: र, दीर्घ उकार, प, ग, काना, न. काय आलं बघा.

रूपगान.

मी खुर्चीतून उठलो. मॅडमच्या पद्धतीनं उलटं केलं तर 'रपूगना' येतं, जे कुठल्यातरी औषधाचं नाव वाटतं. आता सांगा, भाषा कुणाच्या बाजूनं आहे? 'संत्रा'चीही सहा चिन्हं: स, अनुस्वार, त, हलन्त, र, काना. त्यातून रस, संत, सत्र, तास, सात, रात, तार, सार, रास हे सगळे निघतात. आणि 'त्रास'. भाव पडला की संत्र्यातून तोच निघतो, काटोलकडच्या कुठल्याही बागवाल्याला विचारा.

खडूफळा

रूपगान गोड आहे. दोनदा मोठ्यानं वाचलं. पण तो शब्द तुम्ही आत्ता घडवलात, उद्या कुणी 'पानगरू' घेऊन येईल. आणि यंत्रानं अक्षर कसं साठवायचं ते यंत्र बनवणाऱ्यांनी त्यांच्या सोयीनं ठरवलं. कपाटात साडी घडी घालून ठेवतात म्हणून साडीला घडी म्हणत नाहीत.

किरात

यंत्र राहू द्या, जुन्यांचं ऐका. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात एक श्लोक आहे, एकाच व्यंजनाचा: "न नोननुन्नो नुन्नोनो नाना नानानना ननु". दुसरी ओळही तशीच, अगदी शेवटचा एक त् सोडला तर. आता यात नो आहे, नु आहे, ना आहे, न्न आहे. खडूफळा मॅडमच्या हिशोबानं ही सगळी वेगवेगळी अक्षरं. मग याला एकाक्षरी श्लोक म्हणणारे सगळे चूक? व्यंजन हा मूळ धागा आणि स्वर त्याच्यावरचा रंग, असं आपल्याकडे कित्येक शतकं मानलं गेलंय.

आडवे_उभे

अर्धंच सांगितलंत. माघाच्या शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गात सर्वतोभद्र आहे: "सकारनानारकास". स-का-र-ना, ना-र-का-स. उलटं वाचलं तरी तेच, आणि चौकोनात मांडलं की वरून-खालूनही जुळतं. तिथे प्रत्येक अक्षर आपली मात्रा घेऊन बसलंय. 'का' उलटा वाचताना 'क' होत नाही. आपलं 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' याच नियमावर चालतं. मिहानवाल्यांच्या पद्धतीनं 'ती होडी' उलटं करून दाखवा बरं, मात्रा अक्षराच्या आधी लोंबकळत राहतील.

किरात

आणि 'चिमा काय कामाची'? पहिली चि ह्रस्व, शेवटची ची दीर्घ. लहानपणापासून आपण ते उलटसुलट सारखंच म्हणत आलो, कुणी फूटपट्टी घेऊन आलं नाही.

आडवे_उभे

हे खरंय. आजवर लक्षात आलं नव्हतं. चिडचिड झाली.

एक_डावा_हात

अक्षरं मोकळी सोडण्याचा धोका सांगतो. १६१० साली गॅलिलिओनं शनीबद्दलचा शोध अक्षरं विस्कटून कळवला, ३७ अक्षरांची लॅटिन खिचडी. शोध आपल्या नावावर नोंदला जावा, पण दुसऱ्याला कळू नये, म्हणून. त्याला म्हणायचं होतं की सर्वांत उंच ग्रह तिहेरी दिसला. केप्लरनं ती अक्षरं जुळवली आणि मोडक्यातोडक्या लॅटिनात त्याला मंगळाचे दोन चंद्र सापडले. ग्रहच बदलला! स्वर-व्यंजनं सुटी असलेल्या लिपीत हे व्हायचंच. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाला धरून असतो, तर ती शिस्त कशाला मोडायची?

दोन_पोरांची_आई

मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून हा खेळ घरी केलाय. व्यंजनांचे चौकोन वेगळे, मात्रांच्या पट्ट्या वेगळ्या. पंधरा मिनिटांत काने संपले, पोरांत मारामारी. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत 'ई' बारा ठेवलेत ते उगीच नाही. आमच्याकडे बाराही पुरले नसते. धाकट्यांना मात्रा मोकळ्या, मोठ्यांना बांधलेल्या, असं आम्ही करतो. पण नियम आधी सांगतो हो, मॅडम.

वर्णविग्रह

दोन्ही बाजू अर्ध्या वाटेवर थांबल्यात. अक्षर नको, यंत्रातली चिन्हं नकोत, वर्ण मोजा. शाळेत सगळ्यांनी केलंय.

नागपूर = न्+आ, ग्+अ, प्+ऊ, र्+अ. चार व्यंजनं, स्वर आ, ऊ आणि दोन अ. पगार = प्+अ, ग्+आ, र्+अ. एक आ, दोन अ. शिल्लक आहेत, म्हणून पगार चोख. पराग चोख. रूप चोख. महाल–हमाल तर एकही वर्ण कमीजास्त न होता चोख. मुलाला शून्य देणं हा अन्याय होता.

पण आता संत्रा. स्+अ, अनुस्वार, त्, र्+आ. यात अ एकच आहे! आणि रस = र्+अ, स्+अ. दोन अ लागतात. दुसरा अ कुठून आणणार? मिहानवाल्यांच्या यंत्राला अ दिसतच नाही, तो व्यंजनाच्या पोटात लपलेला असतो, म्हणून त्यांना रस फुकटात मिळाला. त्रास निघतो: त्, र्+आ, स्+अ. तास, रात, सार, तार निघतात. संत नाही, सत्र नाही, आणि रस तर नाहीच. खडूफळा मॅडमनी मारलेली काट बरोबर, कारण चुकीचं.

खडूफळा

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. तो का होत नाहीये?

तर्री_जास्त

मले एक सांगा वर्णविग्रह भाऊ. तुमी रसवंतीवर जाऊन काय म्हणता? 'एक रस द्या' म्हणता का 'एक रसऽऽअ द्या' म्हणता? आमी तं बाप्पा रस् म्हणतो. शेवटचा अ आमच्या तोंडातून निघतच नाही. जो अ कोणी बोलत नाही त्याचा हिशोब कायले मांगता?

मिहानचा_मजूर

तर्री भाऊ, पाय कुठे आहेत?

वर्णविग्रह

(अर्धा तास विचार करून) मान्य करावं लागेल. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ बहुधा गळतो. लिहितो 'रस', बोलतो 'रस्'. बोलण्याच्या हिशोबानं एकच अ लागतो आणि तो संत्र्यात आहे. त्याच न्यायानं 'संत'ही निघतो. 'सत्र' मात्र अडकतो, कारण जोडाक्षरानंतरचा अ ऐकू येतो. 'मित्र' म्हणून पाहा. म्हणजे लिहिलेल्या संत्र्यातून रस निघत नाही, बोललेल्या संत्र्यातून निघतो. संस्कृतात बोलाल तर पुन्हा नाही.

किरात

बोलण्यावर आलात तर संत्र्यातला अनुस्वार म्हणजे चक्क न्. मग रान, तान, सान हेही द्या.

खडूफळा

नाही. टिंब लिहिलंय, टिंबच मिळेल. कुठेतरी थांबायला हवं.

सदाशिव_शुद्ध

चर्चा वाचली. मुळात शब्द 'संत्रे' असा नपुंसकलिंगी आहे. 'संत्रा' हे रूपच ग्राह्य नसल्यानं पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ.

तर्री_जास्त

या ना भाऊ नागपूरले, संत्रा बर्फी चारतो. 'संत्रे बर्फी' मांगाल तं दुकानदार तोंडाकडे पाहत राहीन.

दोन_पोरांची_आई

आणि संत्रे घेतलं तरी शेवटी ए येतो, स-वरचा अ तसाच. रस् निघतोच की. सदाशिवराव, तुमच्या शुद्ध फळालाही रस आहे.

खडूफळा

आज संध्याकाळी त्या मुलाला घरी बोलावलं. रस कसा काढलास, विचारलं. वर्ण, उच्चार, काही नाही. म्हणाला, "टीचर, तुमीच तं लिहिलं होतं, त्यात स दिसला, र दिसला." मी त्याला 'इतवारी' दिला, यावेळी नियम आधी सांगून. मात्रेसकट अक्षर. त्यानं बसल्या जागी वारी, वात, तवा, रीत काढले. मी एकटीनं केले होते तेव्हा तवा माझ्या हाती लागला नव्हता.

माझा निर्णय: पगार मान्य. त्याच्यासोबतचे बाकी आठही मान्य. रस अजून विचाराधीन. तर्री भाऊंचं म्हणणं कानाला पटतं, हाताला पटत नाही.

आडवे_उभे

इतवारीतला 'तवा' मात्र त + वा, म्हणजे माझ्याच नियमातला. नोंद घ्यावी.

तर्री_जास्त

पगार मान्य झाला तं कोजागिरीपासूनची थकबाकी बी द्या लेकराले. नऊ गुण होतात.